टाळेबंदीतील अन्नछत्राचे देयक : पहिल्या अर्जापासून लेखापरीक्षणापर्यंत

एप्रिल आणि मे २०२० मध्ये आमच्या छोट्या विश्वस्त संस्थेने जे अन्नछत्र चालवले, त्याच्या खर्चाची फाईल एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे तब्बल दोन वर्षांनी, बंद झाली. या काळात ओळखीच्या अनेकांनी मला फोन करून विचारले, की अशा कामाचे पैसे महापालिकेकडून खरोखर मिळतात का आणि मिळत असतील तर त्यासाठी नेमके काय करावे लागते. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून आपल्याकडे दोन महापालिका आहेत. आमचा संबंध त्यांपैकी एकीच्या क्षेत्रीय कार्यालयाशी आला. कोणत्या, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांनी आम्हाला अडवले त्यांतल्या बहुतेकांनी नियमाप्रमाणेच अडवले, आणि ज्यांनी मदत केली त्यांनी काही वेळा नियमाच्या थोडे बाहेर जाऊन केली.

आमची संस्था म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठीची एक अभ्यासिका आणि तिला जोडलेले वाचनालय. मी तिची खजिनदार असून बँकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेली आहे. पुण्यात ९ मार्च २०२० रोजी करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात आम्ही इतरांसारखेच कोरड्या शिध्याचे वाटप केले : कणीक, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साखर, चहा आणि दोन साबण असे १८० संच. त्यानंतर आमच्या लक्षात आले, की ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांना शिधा देऊन उपयोग नव्हता. बांधकामावरच्या मजुरांपैकी अनेकांकडे गॅस नव्हता आणि सरपण आणायला बाहेर पडण्याची सोय नव्हती. आमच्या अभ्यासिकेतली चाळीसेक मुले खानावळी बंद पडल्यामुळे बिस्किटांवर दिवस काढत होती. केंद्राने माणशी पाच किलो तांदूळ मोफत जाहीर केला होता, पण तो अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकेवर; मजुरांच्या शिधापत्रिका त्यांच्या गावी होत्या. शिवभोजन थाळी मार्चअखेर दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली, मात्र केंद्रापर्यंत चालत जाणे सगळ्यांना जमण्यासारखे नव्हते. शिजवलेले अन्न जागेवर नेऊन देणे हाच मार्ग उरला होता.

लग्नसराई बुडाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या एका मंगल कार्यालयाने मुदपाकखाना दिला, तिथेच अडकून पडलेले दोन आचारी मिळाले आणि सोमवारी, ६ एप्रिलला, खिचडीची पहिली २६० पाकिटे बाहेर पडली. आठवड्याभरात हा आकडा चारशेच्या वर गेला. माझे वय तेव्हा ६६ होते आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये अशी सूचना होती, त्यामुळे मुलांनी मला स्वयंपाकघराच्या दारातही उभे राहू दिले नाही. कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले, ते असे.

पाकिटामागे सरासरी ३१ रुपये खर्च येत होता आणि देणग्यांचा ओघ दहा दिवसांत आटणार हे वहीत स्पष्ट दिसत होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २८ मार्चला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून बेघर आणि स्थलांतरित मजुरांच्या निवाऱ्यासाठी व जेवणासाठी खर्च करण्यास मुभा दिली होती. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) नुसार आणीबाणीच्या प्रसंगी आयुक्तांना पूर्वमंजुरीशिवाय तातडीची कार्यवाही करता येते आणि ती नंतर स्थायी समितीपुढे मांडावी लागते. या दोन गोष्टींचा उल्लेख करून ८ एप्रिलला मी क्षेत्रीय कार्यालयाला ईमेल पाठवली. उत्तर आले नाही. तुरळक उपस्थितीत चालणाऱ्या कार्यालयात ती ईमेल कुणी उघडलीच नसावी, म्हणून १३ एप्रिलला आमच्या एका कार्यकर्त्याने पोलिसांचा पास दाखवून छापील प्रत प्रत्यक्ष नेऊन दिली आणि आवक क्रमांक, म्हणजे कागद कार्यालयात आल्याच्या नोंदीचा क्रमांक, घेतला. माझ्या मते प्रक्रिया त्या दिवशी सुरू झाली. ईमेलने कुणाला माहिती मिळत असेल. फाईल मात्र आवक क्रमांकानेच जन्माला येते.

१५ एप्रिलला एका लिपिकांचा फोन आला आणि त्यांनी कागदांची यादी सांगितली. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय कार्यालयाकडील नोंदवहीचा उतारा, पॅन, रद्द केलेला धनादेश, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्तांचा ठराव, आणि अन्न शिजवण्याच्या जागेचा अन्नसुरक्षा परवाना. परवाना मंगल कार्यालयाचा होताच, त्याची प्रत त्यांच्या संमतिपत्रासह जोडली. ज्यांच्याकडे असे स्वयंपाकघर नसेल त्यांनी घाबरून जाऊ नये : त्या वेळी वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवान्याऐवजी केवळ नोंदणी लागत असे आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. ठरावासाठी विश्वस्तांची सभा आम्ही मोबाईलवर घेतली आणि इतिवृत्तात तसे स्पष्ट लिहिले.

त्या लिपिकांनी विचारलेला एक प्रश्न मला अगदी अनपेक्षित होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमची संस्था वाचनालय चालवते. जेवण देणे तुमच्या उद्देशांत बसते का?" मी संस्थेची १९९४ ची घटना, म्हणजे तिची नियमावली, कपाटातून काढली. सातव्या कलमात 'नैसर्गिक वा अन्य आपत्तीत सापडलेल्यांस साहाय्य करणे' असे शब्द होते. ते कुणी आणि कशासाठी घातले होते, हे सांगणारे आज कुणी नाही, पण त्या एका ओळीवर पुढची फाईल उभी राहिली. आपल्या संस्थेची घटना अशा प्रसंगाआधीच एकदा वाचून ठेवावी.

दरावर घासाघीस झाली. शिवभोजन योजनेत शहरी भागासाठी शासनाने तेव्हा थाळीचा दर ५० रुपये धरला होता, हे मी दाखवले. त्यावर उत्तर मिळाले, की त्या थाळीत चपाती, भाजी, वरण आणि भात असतो, तुमची खिचडी आहे. हे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी २८ रुपये ठरले आणि शुक्रवारी, १७ एप्रिलला, कार्यादेश, म्हणजे काम करण्याचा लेखी आदेश, हातात आला : दिवसाला कमाल ४५० पाकिटे, वितरणाच्या रोजच्या नोंदी, आरोग्य निरीक्षकांची रोजची सही. तीन रुपयांचा फरक देणग्यांतून भरायचा होता. भारतीय अन्न महामंडळ मदतकार्य करणाऱ्या संस्थांना लिलावाशिवाय २२ रुपये किलोने तांदूळ देत असल्याचे त्याच आठवड्यात कळले. एका वेळी किमान एक टन उचलणे भाग होते, तेव्हा आणखी दोन संस्थांना बरोबर घेऊन एक टन तांदूळ घेतला आणि तिघांत वाटला. गुलटेकडीच्या बाजारात त्या वेळी साधा तांदूळही आम्हाला बराच महाग पडत होता.

इथे कार्यादेशातील एका शब्दाबद्दल लिहिले पाहिजे, कारण तो समजायला मला दोन महिने लागले. आम्हाला मिळणार होते ते अनुदान नव्हते, देयक होते. अनुदानात आधी रक्कम मिळते, ती खर्च करायची असते आणि विनियोग प्रमाणपत्र द्यायचे असते. देयकात आपण आधी पदरचे घालायचे, सेवा पुरवल्याचे सिद्ध करायचे आणि मग दराप्रमाणे मागायचे. आपण सगळे बोलताना 'महापालिकेचा निधी मिळाला' असे म्हणत होतो आणि त्या गैरसमजात मी भुसार व्यापाऱ्याला 'पंधरा दिवसांत पैसे देते' असे सांगून बसले. त्यांची १ लाख ६० हजारांची उधारी आम्ही ऑगस्टमध्ये संस्थेची मुदतठेव मोडून फेडली. त्यांनी एकदाही तगादा लावला नाही, त्यामुळे तर मला रात्री अधिकच जड जात असे.

आता वितरणाच्या नोंदींविषयी. कार्यालयाने दिलेल्या नमुन्यात नाव, मोबाईल क्रमांक, पाकिटांची संख्या आणि 'लाभार्थ्याची सही अथवा अंगठा' असे रकाने होते. संसर्ग टाळण्यासाठी दोन माणसांत सहा फुटांचे अंतर ठेवायचे, आणि त्याच वेळी साडेचारशे माणसांनी एकाच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, असा त्याचा अर्थ होत होता. पहिले दोन दिवस मुलांनी तेही करून पाहिले. रांग दोन तास चालली, खिचडी गार झाली, आणि एका वस्तीतल्या वयस्कर बाईंनी कागदाला हात लावायला नकार देऊन पाकीट परत केले. अंगठा कशासाठी घेतात, नंतर घर रिकामे करायला सांगतील का, अशी भीती त्यांच्या बोलण्यात होती. भुकेल्या माणसाकडून जेवणाची पोच मागण्याचा संकोच आमच्या मुलांनाही वाटत होताच, पण हिशेबनीस म्हणून मला हेही दिसत होते, की पुराव्याशिवाय सार्वजनिक पैसा कुणीही कुणाला देऊ नये. पुरावा मागण्यात चूक नव्हती. तो कोणी द्यायचा, हे चुकीचे ठरले होते.

मी निरीक्षकांना फोन करून सुचवले, की प्रत्येक ठिकाणच्या एका जबाबदार व्यक्तीने, म्हणजे बांधकामावर मुकादमाने, वस्तीत बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी, अभ्यासिकेत एका विद्यार्थ्याने, एकूण संख्येवर सही करावी. त्यांनी विचारून सांगतो म्हटले आणि २२ एप्रिलला फोनवर होकार कळवला. बँकेतली सवय म्हणून मी त्याच संध्याकाळी कार्यालयाला ईमेल केली : 'आज दूरध्वनीवर मिळालेल्या सूचनेनुसार उद्यापासून गटनिहाय सह्या घेत आहोत.' तिचेही उत्तर आले नाही. पण या लेखातून एकच गोष्ट कुणी उचलणार असेल तर त्याने ही उचलावी. तोंडी परवानगी मिळाली, की त्याच दिवशी ती लिहून पाठवावी; दोन वर्षांनी ती सूचना कुणी दिली होती हे कुणालाच आठवत नाही.

विद्यार्थ्यांची गंमत अशी, की रांगेत उभे राहून पाकीट घ्यायला ती तयार नव्हती. मग आम्ही त्यांनाच नोंदींचे काम दिले. काम करून आपले पाकीट नेताना त्यांना संकोच वाटेनासा झाला. वही नंतर इतकी सुवाच्य झाली, की लेखा विभागातल्या एका बाईंनी 'अक्षर कुणाचे?' असे मुद्दाम विचारले.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमचे निरीक्षक स्वतः बाधित झाले आणि विलगीकरणात गेले. त्यांच्या जागी कोण, हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले. मधल्या चार दिवसांच्या, म्हणजे १,८०० पाकिटांच्या, नोंदींवर कार्यालयाची सही नाही. आमच्याकडे गटांच्या सह्या होत्या, छायाचित्रे होती, पण कार्यादेशात लिहिलेली सही नव्हती. त्या आठवड्यात हे फारसे मनावर घेतले नाही, कारण सगळे लक्ष त्या गृहस्थांच्या प्रकृतीकडे होते. ते बरे होऊन परतले. मागच्या तारखेने सही मात्र त्यांनी केली नाही आणि मीही ती मागितली नाही.

श्रमिक गाड्यांनी मजूर गावी जाऊ लागले तशी संख्या उतरली. २० मेपर्यंत रोज ४५० आणि पुढे ३१ मेपर्यंत रोज ३०० पाकिटे, अशी कार्यादेशाच्या काळात एकूण १८,६०० झाली. त्यांचे ५,२०,८०० रुपयांचे देयक मी ८ जूनला दिले. शिवाय कार्यादेशापूर्वीच्या अकरा दिवसांतील ४,१०० पाकिटांसाठी १,१४,८०० रुपयांचा वेगळा अर्ज केला आणि त्याला कार्योत्तर, म्हणजे काम झाल्यानंतरची, मंजुरी मागितली. दोन्ही वेगळे ठेवल्याचा फायदा असा झाला, की दुसऱ्यामुळे पहिले अडकले नाही.

पहिली त्रुटी २९ जूनला आली : पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट नव्हते, आणि वस्तू व सेवा कर नोंदणी नसल्याचे हमीपत्र नव्हते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची असल्याने साध्या हमीपत्रावर काम भागले. त्यानंतर १४ ते २३ जुलै पुन्हा कडक टाळेबंदी झाली. ऑगस्टमध्ये दुसरी त्रुटी : भाजीच्या खरेदीच्या पक्क्या पावत्या नाहीत. हातगाडीवरून घेतलेल्या कांदे-बटाट्यांची पक्की पावती कुठून आणणार, हा प्रश्न तर होताच, पण मुळात कार्यादेश दरावर होता, खर्चावर नव्हता. मी तसे लेखी कळवले. लेखाधिकाऱ्यांना ते पटले, तरी त्यांनी सनदी लेखापालांचे एक प्रमाणपत्र मागून घेतले, आणि वाद घालण्यापेक्षा ते देणे स्वस्त होते.

तिसरी त्रुटी आमचीच होती. पॅनवर संस्थेच्या नावाच्या शेवटी 'मंडळ' आहे आणि बँकेच्या खात्यावर 'मंडळ ट्रस्ट'. शिवाय २०१८ मध्ये बदललेल्या दोन विश्वस्तांचा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात प्रलंबित होता, म्हणजे कागदावर जुनेच विश्वस्त होते आणि ठरावावर नव्यांच्या सह्या. बँकेकडून नावाचे पत्र मिळायला तीन आठवडे गेले. बदल अहवालाची पोच आणि जुन्या-नव्या विश्वस्तांचे संयुक्त पत्र देऊन दुसरा प्रश्न सुटला. ही दोन्ही कामे मी खजिनदार या नात्याने आधीच करायला हवी होती, आणि ती राहिली याचा दोष कोणत्याही कार्यालयाला देता येणार नाही.

ऑक्टोबरमध्ये कळले, की मंजुरी आहे पण ज्या लेखाशीर्षातून रक्कम द्यायची त्यात शिल्लक नाही, आणि वर्गीकरण करून दुसरीकडून तरतूद वळवावी लागेल. या टप्प्यावर आपल्याला करण्यासारखे काहीही नसते. दर सोमवारी फोन करून फाईल कोणत्या टेबलावर आहे एवढे विचारायचे, आवाज चढवायचा नाही, आणि समोरच्याचे नाव वहीत लिहून ठेवायचे. एकदा पलीकडून "काकू, या आठवड्यात फोन करू नका, मीच करतो" असे उत्तर आले आणि त्या मुलाने खरोखर फोन केला.

शुक्रवारी, ११ डिसेंबरला, खात्यात ४,६३,३४४ रुपये जमा झाले. त्या चार दिवसांचे ५०,४०० वजा होऊन ४,७०,४०० मंजूर झाले होते आणि त्यावर दीड टक्का, म्हणजे ७,०५६ रुपये, आयकर कापला होता. करकपातीचा दर मे २०२० मध्ये पाव हिश्शाने कमी झाला होता, म्हणून दोनाऐवजी दीड. विवरणपत्र भरल्यावर हे पैसे परत मिळाले. कार्योत्तर मंजुरीचा अर्ज जानेवारी २०२१ मध्ये फेटाळला गेला : कार्यादेशापूर्वीच्या कामाचे दायित्व घेता येत नाही, असे एका ओळीचे पत्र आले. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी पहिल्या पाकिटाच्या आधी निदान आवक क्रमांक तरी घ्यावा. आम्ही तो घेतला असता तर त्या अकरा दिवसांचे पैसे मिळालेच असते असे नाही, पण भांडायला तारीख मिळाली असती. सगळा हिशेब धरता ७,०३,७०० रुपयांच्या खर्चापैकी २,३३,३०० देणग्यांतून आणि संस्थेच्या शिलकीतून गेले.

मला वाटले, संपले. मार्च २०२२ मध्ये लेखापरीक्षणाचे पत्र आले आणि मूळ वह्या घेऊन बोलावले. रिक्षात दोन वह्या मांडीवर घेऊन जाताना मला बँकेतल्या पहिल्या तपासणीइतकीच धास्ती वाटत होती. लेखापरीक्षकांनी पाने चाळली, एका ठिकाणी बोट ठेवले आणि विचारले, "रोज १६० पाकिटांवर एकाच माणसाची सही कशी?" मी २२ एप्रिलच्या ईमेलची प्रत पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, फाईलला लावली, मग वहीच्या कडेचे पिवळे डाग दाखवून ते कशाचे आहेत असे विचारले. हळदीचे, असे मी सांगितले. पंधरा मिनिटांत मी बाहेर होते. लेखापरीक्षणातला आमच्याविषयीचा आक्षेपाचा परिच्छेद वगळल्याचे पत्र एप्रिलमध्ये आले.

वह्या आणि सगळ्या पत्रांच्या प्रती अभ्यासिकेच्या लोखंडी कपाटात आहेत. अर्ज, हमीपत्र आणि ठराव यांचे नमुने ज्यांना हवे असतील त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. वह्या बाहेर नेता येणार नाहीत. तिथेच बसून पाहाव्या लागतील.